नीतिमत्त्वासाठी सोसणे म्हणजे नेमके काय? (१ पेत्र ३:१३-१७)

रविवारची_शाळा

सर्वांना जय ख्रिस्त.

आमच्या मंडळीच्या तरुण संघासाठी चार बैठकांचा अभ्यास तयार करते आहे. उतारा १ पेत्र ३:१३-१७, म्हणजे 'नीतिमत्त्वासाठी सोसावं लागलं तरी तुम्ही धन्य, भिऊ नका' हा. गटातली बहुतेक मुलं-मुली नोकरीला नुकतीच लागलेली आहेत. अडचणी दोन. पहिली, कसलाही त्रास झाला की त्याला 'ख्रिस्तासाठी छळ' म्हणायची सवय. साहेब रागावले, छळ. शेजाऱ्याने पार्किंगवरून भांडण काढलं, तोही छळ. दुसरी अडचण 'धन्य' या शब्दापाशी. साक्ष देताना गोष्ट नेहमी एकाच जागी संपते : प्रामाणिक राहिलो आणि शेवटी बढती मिळाली. ज्याला बढती मिळालीच नाही त्याला आपण काय सांगणार?

उताऱ्याचा अर्थ आणि सोमवारी कचेरीत उपयोगी पडेल असं काही, दोन्ही हवं आहे. स्वतःचे अनुभव कृपया इथे नकोत, त्यासाठी साक्षींचा वेगळा धागा आहे.

पत्रवाचक

आधी पत्राची पार्श्वभूमी, कारण तुमच्या पहिल्या अडचणीचं उत्तर तिथेच आहे.

पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया इथल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेलं आहे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा मोठा भाग. छळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिंह आणि आखाडा येतो. पत्रात तसं काही नाही. त्रास कसला, ते शोधत एकदा पत्र वाचा. २:१२ मध्ये लोक त्यांना दुष्कर्मी ठरवून बोलतात. ३:१६ मध्ये चांगल्या वागण्याची निंदा होते. ४:४ मध्ये जुने सोबती 'आता आमच्यात बसत का नाही' म्हणून चकित होतात आणि शिव्या देतात. ४:१४ मध्ये ख्रिस्ताच्या नावावरून अपमान होतो. दुसऱ्या अध्यायातल्या घरकाम करणाऱ्या दासांना मात्र प्रत्यक्ष मार बसतो. बाकीच्यांच्या वाट्याला मुख्यतः बदनामी, टोमणे आणि एकटं पाडणं. तुमच्या मुलांना हे सिंहापेक्षा लवकर ओळखीचं वाटेल.

आता कारणाची चाचणी. पेत्र ती एकदा नाही, तीनदा लावतो. २:२० : चूक करून मार खाल्ला आणि निमूट सोसला, तर त्यात मोठेपणा कसला? ३:१७ : सोसायचंच असेल तर चांगलं करून सोसा. ४:१५ : खुनी, चोर, दुष्कर्मी म्हणून कोणी सोसू नये. आणि त्याच यादीत तो चौथा माणूस घालतो, दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा. खुन्याच्या रांगेत लुडबुड्या! पार्किंगच्या भांडणाचा निकाल बहुधा या चौथ्या शब्दातच लागेल.

म्हणून वर्गात पहिला प्रश्न 'किती त्रास झाला' हा नको, 'कशामुळे झाला' हा हवा. उशिरा येण्याबद्दल मेमो मिळाला आणि उशिराचं कारण सकाळची प्रार्थना असली, तरी तो उशिराचाच मेमो.

हिशेबनीस

वरच्या प्रतिसादाला धरून कचेरीतलं एक उदाहरण देतो. अकाउंट्स आणि स्टोअर्सला नवीन लागलेल्यांना हे हमखास भेटतं.

समजा वर्षअखेर आहे. साहेब म्हणतात, 'माल चार दिवसांनी येतोय, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आजच काढ.' किंवा माल येणारच नाही, नुसतं बिल फिरवायचं आहे. इथे नकार कसा द्यायचा यावरच पुढचं सगळं ठरतं.

आधी कागद बघा. पीओ (खरेदीचा आदेश), गेट एन्ट्री, जीआरएन आणि बिल एकमेकांशी जुळतात का? गेट एन्ट्री नाही, म्हणजे माल आत आलेला नाही, म्हणजे जीआरएन खोटा. पण कधीकधी माल खरंच दुसऱ्या गोदामात उतरवलेला असतो आणि तुम्हाला ठाऊक नसतं. न विचारता 'मी खोटं काम करणार नाही' म्हणून उभं राहिलात तर पुढचा अपमान नीतिमत्त्वासाठी नाही, घाईसाठी झाला.

मग एकट्यात बोला, चारचौघांत नाही. सूर असा ठेवा : 'सर, माल मिळाल्याशिवाय इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) घेता येत नाही, सीजीएसटी कायदा २०१७ चं कलम १६(२) आहे. ऑडिटमध्ये आपण दोघंही अडकू. माल आला की त्याच दिवशी एन्ट्री करतो. तोवर ट्रान्झिटमध्ये दाखवू का?' माल खरोखर निघालेला असेल तर हा शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. नुसता नकार साहेबाला भिंतीसारखा वाटतो, पर्याय दिला की त्यालाही मागे सरकायला जागा मिळते. माल निघालेलाच नसेल तर अर्थातच ट्रान्झिटही खोटं.

तरीही दबाव आला तर दोन ओळींची मेल करा : तारीख, पीओ क्रमांक, 'माल प्रत्यक्ष न आल्याने जीआरएन केलेला नाही, पुढील सूचना लेखी मिळावी.' बस्स. त्यात बायबलचं वचन नको, साहेबाचा उद्धार नको, दहा जणांना सीसी तर मुळीच नको.

चुकतं कुठे? तीन जागी. आधी चार वेळा सही केलेली असते आणि पाचव्या वेळी अचानक विवेक जागा होतो. तेव्हा आधीच्या चार सह्यांची कबुली देण्याची तयारी हवी, नाहीतर लोक ढोंगी म्हणतील आणि ते खोटंही नसेल. दुसरं, जीआरएनला ठाम नकार, पण स्वतःच्या प्रवासभत्त्याच्या बिलात रिक्षाचे शंभराचे दीडशे. तिसरं, नकार दिल्या दिवशी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर नावानिशी पोस्ट. हकीगत खरी असली तरी बदनामीचा आरोप अंगावर येतो आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहतो.

चष्मिष्ट

हिशेबनीस, पटलं. पण मग एक शंका. हेच काम कोणताही सचोटीचा माणूस करेल, ख्रिस्ती असो वा नसो. यात 'ख्रिस्तासाठी' काय आलं?

पत्रवाचक

चष्मिष्ट, मत्तय ५ मध्ये दोन वचनं शेजारी आहेत. १० व्या वचनात नीतिमत्त्वासाठी छळ, ११ व्यात 'माझ्यामुळे' छळ. येशू दोघांनाही धन्य म्हणतो, आणि नीतिमत्त्व आधी येतं. खऱ्या नोंदीच्या आग्रहासाठी सोसणारा माणूस पहिल्याच वचनात बसतो, त्याने कपाळावर नाव लिहून फिरायची गरज नाही. दानीएलाच्या सहाव्या अध्यायातही हाच क्रम आहे. विरोधकांनी आधी त्याच्या कारभारात खोट शोधली, ती सापडली नाही, तेव्हा ते त्याच्या देवाच्या नियमशास्त्राकडे वळले. आपल्या बाबतीत बहुतेक वेळा शोध पहिल्याच पायरीवर संपतो, कारभारातच भरपूर सापडतं.

आणि बिथुनियाचंच एक टोक. पेत्राच्या पत्रानंतर, साधारण इ.स. ११२ च्या सुमारास, त्याच बिथुनिया-पंत प्रांताचा सुभेदार प्लिनी याने सम्राट त्राजनाला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. तो आरोपीला 'तू ख्रिस्ती आहेस का' असं तीनदा विचारी. तिन्ही वेळा होकार आला तर मृत्युदंड, रोमन नागरिक असेल तर रोमला रवानगी. सुटका हवी असेल त्याने सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस वाहायचा आणि ख्रिस्ताला शाप द्यायचा. दोन दासींना, ज्या मंडळीत सेविका होत्या, त्याने छळ करून विचारलं. हाती काय लागलं? हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून गीत गातात आणि शपथ घेतात : चोरी नको, दरोडा नको, व्यभिचार नको, दिलेला शब्द मोडायचा नाही, कोणी ठेवायला दिलेली ठेव मागितल्यावर नाकारायची नाही.

ठेव नाकारायची नाही! अकाउंट्सवाल्यांसाठी याहून जवळचं काय असणार. सुभेदाराच्या चौकशीत गुन्हा म्हणून निघालं ते फक्त नाव आणि न झुकणं.

दर्याकाठ_वसई

आमच्या बाजूची एक भर. वसईचे संत गोन्सालो गार्सिया, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर क्रुसावर चढवलेल्या २६ जणांपैकी एक. सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट (हे दोन कॅथलिक संन्यासी संघ), बाकी सतरा जपानी प्रापंचिक. गोन्सालो आधी व्यापारी होते, जपानी भाषा उत्तम यायची, पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात दुभाषाचं काम केलं. ८ जून १८६२ ला त्यांना संतपद मिळालं.

सणाच्या प्रवचनात एवढंच येतं. पण अभ्यासात याच्यापुढचं सांगावं असं मला वाटतं. शिक्षेमागे निव्वळ धर्म नव्हता. १५९६ च्या शरद ऋतूत सान फेलिपे हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यावर फुटलं, त्यातला माल जप्त झाला, आणि मिशनरी हे स्पेनच्या स्वारीची आघाडी आहेत असा संशय हिदेयोशीच्या दरबारात बळावला. म्हणजे मारणाऱ्याच्या हिशेबी ते राजकारण होतं. मरणाऱ्यांच्या हिशेबी विश्वास. नीतिमत्त्वासाठी सोसणाऱ्याला समोरचा क्वचितच 'तुझ्या नीतिमत्त्वाबद्दल ही शिक्षा' असं सांगतो. आरोपपत्रात दुसरंच काहीतरी असतं. त्यामुळे 'माझ्यावर तर धर्माचा आरोपच नाही, मग माझं सोसणं यात मोडतं का' असं कोणी विचारलं, तर मोडू शकतं.

दुसरं, सोसणं ओढवून घेणं चर्चने कधी चांगलं मानलेलं नाही. स्मुर्णाचे बिशप पॉलिकार्प यांच्या हौतात्म्याचा दुसऱ्या शतकातला वृत्तान्त आहे. त्यात क्विंटस नावाचा एकजण आपणहून पुढे गेला, इतरांनाही घेऊन गेला, आणि श्वापदं पाहताच घाबरून त्याने बळी वाहिला. वृत्तान्त लिहिणारी मंडळी स्पष्ट सांगते की आपणहून स्वाधीन होणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करत नाही. पॉलिकार्प स्वतः मित्रांच्या आग्रहावरून आधी शहराबाहेर गेले होते. सापडल्यावर मात्र मागे हटले नाहीत.

धडाकेबाज

म्हणजे पळून जाणं चालतं? मग 'भिऊ नका' कुठे गेलं? आणि हक्कासाठी भांडायचं की नाही? सगळे सौम्यतेचे डोस देताहेत.

दर्याकाठ_वसई

मत्तय १०:२३. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावात पळा. शब्द येशूचे आहेत, माझे नाहीत :)

वकिली_नव्हे

धडाकेबाज, पौलाची चार उदाहरणं घ्या. फिलिप्पैत फटके मारून तुरुंगात टाकलं, सकाळी 'गुपचूप निघून जा' म्हणाले, तर तो म्हणाला की आम्ही रोमन नागरिक, चौकशीविना उघड मारलंत, आता स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्या (कृत्ये १६:३७). यरुशलेमेत फटक्यांच्या आधीच नागरिकत्व सांगितलं (२२:२५). कैसरियात थेट कैसराकडे अपील (२५:११). आणि दिमिष्कात टोपलीत बसून तटावरून खाली उतरला, तेही त्याने स्वतःच लिहून ठेवलंय (२ करिंथ ११). हक्क वापरणं, अपील करणं, निसटणं, सगळं त्यात आलं. सूड आणि खोटं तेवढं नाही.

आजच्या हिशेबात : परवान्यासाठी लाच मागितली तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच सूट. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. सापळ्याची तक्रार पैसे देण्याआधी करायची असते, नंतर नाही. 'देव पाहून घेईल' म्हणून पैसे देऊन गप्प बसणं याला सोसणं म्हणत नाहीत.

सूचीबद्ध कंपनीत असाल तर तिथे तक्रार यंत्रणा असणं कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ प्रमाणे बंधनकारक आहे. आधी ते धोरण वाचा, तक्रार कोणाकडे जाते ते बघा. ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच वाचणारा निघाला तर थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांकडे जायची सोय धोरणात शोधा.

माहेरवाशीण

एक गोष्ट या धाग्यात आलीच पाहिजे. १ पेत्र ३:१-६ हा 'बायकांनी नवऱ्यांच्या अधीन राहावं' असं सांगणारा उतारा तुमच्या उताऱ्याच्या अगदी वर आहे आणि मंडळ्यांमधून त्याचा वापर मार खाणाऱ्या बायकांना घरी परत पाठवण्यासाठी होतो. 'सोस, धन्य होशील.'

हे पेत्राच्या तोंडी घालू नका. नीतिमत्त्वासाठी सोसणं म्हणजे योग्य ते केल्याबद्दल किंमत मोजणं. दारू पिऊन आलेल्या नवऱ्याच्या हातचा मार ही कुठल्या योग्य कृत्याची किंमत? त्याच अध्यायातलं सातवं वचन नवऱ्यांना बजावतं की बायकोला मान दिला नाही तर तुमच्या प्रार्थनाच अडतील. ते वचन कोणी भिंतीवर लावत नाही. गटात अशी कोणी असेल तर क्रम असा : आधी सुरक्षित जागा, मग डॉक्टरी तपासणी आणि कागद, मग महिला हेल्पलाइन १८१ किंवा तातडीला ११२, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज. पाळकसाहेबांनी दोघांना एकत्र बसवून समेट करणं या टप्प्यावर धोक्याचं असतं. ती समोर बोलली तर घरी गेल्यावर त्याचीच शिक्षा होते.

आजारपणही वेगळं ठेवा. कॅन्सर हा नीतिमत्त्वासाठी छळ नाही. त्यात देवाचं सांत्वन आहेच, पण ते दुसऱ्या वचनांतून द्या, या नाही.

रविवारची_शाळा

माहेरवाशीणताई, हे पहिल्याच बैठकीत घेते. आभार.

आता दुसरी अडचण. धन्य म्हणजे काय? आणि जे झुकले त्यांचं काय? गटात सगळेच काही हिशेबनीसांसारखे ठाम नाहीत. काहींनी सही करून टाकलेली आहे.

जुनी_पाने

झुकलेल्यांबद्दल मी लिहितो, धन्यतेचं पत्रवाचकांकडे सोपवतो.

इ.स. २५० मध्ये सम्राट देकियसने फर्मान काढलं की साम्राज्यातल्या सर्वांनी देवतांना बळी वाहावा आणि तसं प्रमाणपत्र घ्यावं. इजिप्तच्या वाळूत अशी चाळीसहून अधिक प्रमाणपत्रं पपायरसवर सापडली आहेत. मजकूर अगदी सरकारी अर्जासारखा : नाव, बापाचं नाव, गाव, कधी वय आणि अंगावरची खूण, 'मी नेहमीच देवतांना बळी वाहत आलो, आताही तुमच्यासमोर अर्घ्य दिलं, बळी वाहिला आणि प्रसाद चाखला, खाली सही करावी ही विनंती', मग साक्षीदार अधिकाऱ्यांच्या सह्या.

ख्रिस्ती लोकांत तीन गट पडले. काहींनी खरंच बळी वाहिला. काहींनी चिरीमिरी देऊन नुसतं प्रमाणपत्र मिळवलं, बळी वाहिलाच नाही. त्यांचा युक्तिवाद ओळखीचा वाटेल : मी काही केलं नाही, फक्त कागद घेतला. तिसऱ्यांनी नकार दिला.

छळ ओसरल्यावर २५१ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला बिशपांची परिषद भरली. बिशप सिप्रियन प्रमुख. निर्णय सरसकट नव्हता, एकेका माणसाचं प्रकरण पाहून होता. कागदवाल्यांना पश्चात्तापाचा काळ पाळल्यावर परत घेतलं. बळी वाहिलेल्यांना दीर्घ प्रायश्चित्त, पण मरणशय्येवर दार उघडं. पुढचा छळ येणार असं दिसल्यावर त्यांच्याबाबतही सैल केलं. म्हणजे 'कागदच तर होता' हे ऐकून घेतलं नाही, आणि 'आता तू गेलास' असंही म्हटलं नाही. सिप्रियन स्वतः त्या छळात लपून राहिले होते आणि त्यावरून टीका झाली होती. पुढच्या छळात, १४ सप्टेंबर २५८ ला, त्यांचा शिरच्छेद झाला.

सही करून बसलेल्या मुलाला यातून काय सांगाल? सही ही सहीच असते, ती कबूल कर. पुढची करू नकोस. आणि तुझी जागा गटात आहे. पत्र ज्याच्या नावाने आहे त्याने स्वतः कोंबडा आरवण्याआधी तीनदा नाकारलं होतं, हे विसरून चालणार नाही.

पत्रवाचक

धन्यतेबद्दल.

बढतीची साक्ष खोटी असते असं नाही, पण तिचा नियम करता येत नाही. १ राजे २१ मधला नाबोथ घ्या. वाडवडिलांचा द्राक्षमळा राजाला विकायला त्याने नकार दिला. नियमशास्त्राप्रमाणे तो बरोबर होता. दोन खोटे साक्षीदार उभे केले, दगडमार झाली, मळा राजाने घेतला. पुढे त्या राजाचा, अहाबाचा, न्याय झाला, पण नाबोथाला मळा काही परत मिळाला नाही. बढतीवाल्या सूत्रात नाबोथ बसत नाही, म्हणून सूत्र चूक.

पेत्र धन्यतेत काय काय मोजतो? ४:१४ मध्ये देवाचा आत्मा तुमच्यावर येऊन राहतो, आणि तो अपमान होत असतानाच, नंतर नव्हे. ३:१६ मध्ये शुद्ध विवेक. ही लहान गोष्ट नाही. खोटा जीआरएन करणाऱ्याला प्रत्येक ऑडिटच्या आधी पोटात गोळा येतो. ३:९ मध्ये निंदेच्या बदल्यात आशीर्वाद द्या, कारण आशीर्वाद हे वतन मिळण्यासाठीच तुम्हाला बोलावलंय. म्हणजे धन्यतेचा मोठा भाग देण्यात आहे. ज्याने आपल्याला एकटं पाडलं त्याचं भलं चिंतता आलं, तर त्याच्या हातात आपल्या मनाची दोरी उरत नाही. ५:१० मध्ये थोडा वेळ सोसल्यावर देव स्वतः पूर्ण, दृढ, सबळ करील. 'थोडा वेळ' किती ते पेत्र सांगत नाही. आपणही सांगू नये.

आणि मत्तय ५ मध्ये स्वर्गाचं राज्य दोघांना दिलंय, आत्म्याने दीन असणाऱ्यांना आणि छळ झालेल्यांना. ज्याचा छळ झाला पण जो त्याच्या गर्वाने फुगला, त्याने पहिल्या धन्यवचनाशी आपलं जमतं का ते पुन्हा बघावं.

उलट बाजूही सांगा. छळ नाही म्हणजे विश्वास कच्चा, असं नाही. ३:१३ चा प्रश्नच असा आहे की तुम्ही चांगल्यासाठी आवेशी झालात तर तुमचं वाईट कोण करणार? बहुतेक वेळा चांगल्या वागण्याचं चांगलंच होतं, असं पेत्र धरून चालतो. सोसणं ही अपवादाने येणारी गोष्ट म्हणून १४ व्या वचनात येते.

नगरी

किंमत फक्त आपण मोजत नाही, घरचेही मोजतात. हा मुद्दा राहिला.

आपल्याकडचा इतिहास बघा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाप्तिस्मा घेतला की वडिलोपार्जित मिळकतीवर पाणी सोडावं लागे. १८५० चा जातीय अपात्रता निवारण कायदा झाला तेव्हा कुठे वारसाहक्क टिकला. घरचं दार मात्र कायद्याने उघडत नसतं. कवी रेव्ह. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. निर्णय टिळकांचा, पण मधली ताटातूट आणि लोकांची बोलणी लक्ष्मीबाईंनी सोसली, आणि त्या काळात त्या काही ख्रिस्ती नव्हत्या. या धाग्याच्या व्याख्येत त्यांचं सोसणं कुठे बसवायचं? मला वाटतं आपल्या मंडळीने टिळकांचं कौतुक जितकं केलं, त्याच्या निम्म्यानेही हा प्रश्न विचारला नाही.

पंडिता रमाबाईंचंही घ्या. १८९३ मध्ये त्यांच्या शारदा सदनात, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीच्या शाळेत, धर्मांतर चालतं या आरोपावरून रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, आणि दुसऱ्या बाजूला इंग्लंडमधल्या धर्मभगिनींना त्या पुरेशा आज्ञाधारक वाटत नव्हत्या. बोलणी दोन्हीकडून. त्यांनी काम थांबवलं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती ही संस्था उभी राहिली. पेत्र ४:१९ मध्ये तेच सांगतो : चांगलं करत राहून आपला जीव निर्माणकर्त्याकडे सोपवा. सोपवणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे.

व्यवहारातलं : नकार देण्याआधी घरी सांगा. पगार थांबला तर किती महिने निघतील, घराचा हप्ता किती, आईचं औषध किती, हे कागदावर मांडा. तीन महिन्यांचा खर्च बाजूला असेल तर माणूस ताठ उभा राहू शकतो. कर्जात गळ्यापर्यंत बुडालेल्याला ताठ उभं राहणं फार महाग पडतं, म्हणून विशीतल्या मुलांना हप्त्यावर मोटरसायकल घेण्याआधी हा उतारा शिकवावा.

चष्मिष्ट

नगरीकाका, मोटरसायकलचं वाक्य तरुण संघात वाचू नका, गट रिकामा होईल.

नगरी

होऊ दे.

वकिली_नव्हे

३:१५ राहिलं : उत्तर द्यायला सदैव तयार असा, पण सौम्यतेने. 'तयार' म्हणजे तयारी केलेली हवी. मुलांना लिहून आणायला सांगा, तीन वाक्यांत. पहिलं, मी काय करणार नाही. दुसरं, का. तिसरं, त्याऐवजी काय करेन. समजा साइटवरचं मोजमाप न मोजताच लिहायला सांगितलं : 'मी न मोजलेलं माप लिहिणार नाही. देवापुढे आणि इथल्या लोकांपुढे मला खरं राहायचंय. आत्ता साइटवर जाऊन मोजून आणतो.' याहून लांब झालं तर ते प्रवचन होतं. समोरच्याने पुढे विचारलं तर बोला, नाही विचारलं तर थांबा. पेत्रानेही विचारणाऱ्यालाच उत्तर द्यायला सांगितलंय. जोडीजोडीने सराव घ्या, एकाने चिडलेल्या साहेबाची भूमिका करायची. आवाज चढला की पुन्हा पहिल्यापासून.

माहेरवाशीण

मंडळीने काय करावं यावर थोडं. माणूस अडचणीत आला की आपण त्याला लगेच रविवारी पुढे उभं करून साक्ष द्यायला लावतो. नको. प्रकरण चालू असताना बोललेला शब्द चौकशीत त्याच्याच विरुद्ध वापरला जातो, आणि टाळ्या पडल्या की हकीगत दर खेपेला थोडी फुगते. त्याऐवजी दोघांनी त्याच्याकडे दर आठवड्याला जायचं, किराणा आणि मुलांची फी बघायची, आणि ज्याला खरंच कायदा कळतो असा माणूस गाठून द्यायचा. रक्कम पंचांपैकी दोघांनाच माहीत असावी. आणि एकाने त्याला अडचणीचा प्रश्न विचारायचाच : यात तुझी काही चूक होती का? प्रेमाने विचारणारं कोणी नसेल तर तो प्रश्न नंतर वैरी विचारतात.

प्रार्थनेसाठी १३ वं स्तोत्र द्या. सहाच वचनं. पहिल्या दोनांत तक्रार, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. रडायला आणि रागवायला त्यात जागा आहे. थेट भरवशापासून सुरुवात करायला लावलं तर माणूस घरी जाऊन एकटा रडतो.

रविवारची_शाळा

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. चार बैठका अशा लावते आहे, बघा. पहिली : पत्र कोणाला, त्रास कसला, कशाला छळ म्हणायचं नाही (ताईंचा मुद्दा इथे). दुसरी : जीआरएनचं उदाहरण आणि तीन वाक्यांचा सराव. तिसरी : झुकलेले, कार्थेज. चौथी : धन्यता, नाबोथ, घरच्यांची किंमत. जमेल?

पत्रवाचक

जमेल, पण तिसरी आणि चौथी उलट करा. ज्याने सही केलीय त्याला धन्यता ऐकून झाल्यावरच तोंड उघडावंसं वाटेल. कार्थेजनंतर लगेच चहा ठेवा आणि निदान अर्धा तास कार्यक्रम लावू नका, कारण बोलायचं असेल ते पोरं तेव्हाच बोलतील, वर्गात नाही.

आणि पहिल्या बैठकीत अख्खं पत्र मोठ्याने वाचा. १०५ वचनं आहेत, वीसेक मिनिटं लागतील. आळीपाळीने वाचा, पण २:१८ पासूनचा दासांचा भाग एकाच्याच आवाजात पूर्ण होऊ द्या, मध्ये वाचणारा बदलू नका.

हिशेबनीस

दुसऱ्या बैठकीसाठी कोरा पीओ, गेट एन्ट्रीचं पान आणि जीआरएनचा नमुना करून देतो. त्यात एक विसंगती मुद्दाम ठेवेन, मुलांनी ती आधी शोधायची आणि मगच नकार द्यायचा. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.